साठी आली म्हणून बुद्धी नाठी?
(वर्धापनदिनाच्या समारंभात दिलेले व्याख्यान)



वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात गाणी, नाटुकले आणि अल्पोपाहार यांच्यामध्ये व्याख्यान ठेवणे म्हणजे मेजवानीच्या पानात कारल्याची फोड वाढण्यासारखे आहे, हे मी जाणून आहे. पण कारलेही पोटाला हितकारकच असते. कार्यकारी मंडळाने विषय निवडण्याची मोकळीक दिली, म्हणून मी मुद्दामच असा विषय घेतला आहे की, जो आज ना उद्या आपल्यापैकी पुष्कळजणींच्या घरी यायचा आहे. काहीजणींच्या घरी तर तो आलेलाही असेल. तो विषय म्हणजे म्हातारपणचे विस्मरण, आणि त्याचा आपल्या बोलण्यालिहिण्याशी व मनाच्या स्वास्थ्याशी असलेला संबंध.

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. घरातल्या थोरल्या बाईने डब्यात मिठाऐवजी साखर घातली, नातवाला मुलाच्या नावाने हाक मारली, की कोणीतरी ही म्हण हळूच उच्चारते आणि सगळे हसतात. म्हण खरी असती तर साठीनंतर प्रत्येकाचीच बुद्धी नाठायला हवी होती. पण नव्वदीत बिनचूक हिशेब सांगणाऱ्या आजीबाई आपण पाहतोच. तेव्हा वय हे एकच कारण नव्हे. मग दुसरे काय? याचा शोध शास्त्रज्ञ शंभराहून अधिक वर्षे घेत आहेत, आणि विशेष म्हणजे या शोधातले काही मोठे धडे स्त्रियांनीच दिले आहेत.

पहिली स्त्री जर्मनीतली. तिचे नाव आउगुस्ट डेटर. १९०१ च्या नोव्हेंबरात, वयाच्या अवघ्या ५१ व्या वर्षी, तिला फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात दाखल करण्यात आले. डॉक्टर अलॉइस आल्झायमर यांनी तिची तपासणी केली. तिला आपले नाव लिहायला सांगितले तर ते पुरते लिहिता येईना. मध्येच थांबून ती म्हणे, मी स्वतःलाच हरवून बसले आहे. १९०६ साली ती वारली. तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा त्यात पेशींच्या बाहेर साचलेले चिकट ठिपके आणि पेशींच्या आत पडलेले धाग्यांचे गुंते आढळले. म्हणजे तिचे विस्मरण हा वेडेपणा नव्हता, हट्ट नव्हता, कोणाची दृष्ट लागलेली नव्हती; तो मेंदूचा आजार होता. पुढे १९१० मध्ये या आजाराला आल्झायमर यांचेच नाव मिळाले.

भगिनींनो, एवढी एक गोष्ट जरी आज आपण पदरात बांधून नेली तरी व्याख्यानाचे सार्थक झाले असे मी समजेन. एकच प्रश्न दहादा विचारणारी सासू मुद्दाम छळत नसते. 'मला जेवायलाच दिले नाही' असे शेजारणीला सांगणारी आई सुनेची बदनामी करीत नसते. जेवल्याचे तिला खरोखरच आठवत नसते. या एका गैरसमजापायी किती घरांत अबोला धरला गेला असेल, किती सुनांनी रात्री उशा भिजवल्या असतील आणि किती म्हाताऱ्यांना नाही नाही ते ऐकून घ्यावे लागले असेल, याची गणती नाही.

आता दुसरी कथा ऐका. ही अमेरिकेतली आहे, आणि एकीची नव्हे, ६७८ जणींची आहे.

ख्रिस्ती जोगिणींचा 'स्कूल सिस्टर्स ऑफ नोत्र दाम' नावाचा एक संघ आहे. मुलींना शिकवणे हे त्यांचे मुख्य व्रत. १९८६ साली डेव्हिड स्नोडन नावाचे संशोधक मिनेसोटा संस्थानातल्या मॅनकॅटो येथील त्यांच्या मठात गेले. त्यांना वार्धक्याचा अभ्यास करायचा होता. जोगिणीच का? कारण दोन माणसांची तुलना करायची तर त्यांच्या राहणीत फार फरक असून चालत नाही. एकजण तंबाखू खातो, दुसरा खात नाही. एकीची सहा बाळंतपणे झालेली, दुसरीचे एकच. एकीला दूधतूप, दुसरीला कोरडी भाकर. अशाने कोणत्या कारणाचा कोणता परिणाम ते कळणार कसे? मठात मात्र सर्वांचे अन्न एक, छप्पर एक, दिनक्रम एक, औषधपाणी एक. आणि तरीही एकजण नव्वदीत तल्लख, तर दुसरी पंचाहत्तरीत स्वतःचे नाव विसरलेली. मग फरक कशामुळे पडतो?

पंचाहत्तरी ओलांडलेल्या ६७८ जोगिणी या अभ्यासात सामील झाल्या. दरवर्षी त्यांची परीक्षा होई. दहा शब्द वाचायला देत, आणि थोड्या वेळाने त्यातले किती आठवतात ते विचारीत. पण याहून मोठी गोष्ट त्यांनी केली. मरणोत्तर आपला मेंदू तपासणीसाठी द्यायला त्या सर्वजणी कबूल झाल्या. जन्मभर मुलींना शिकवले, मेल्यावरही शिकवू, असाच या दानाचा अर्थ मला वाटतो.

या अभ्यासात एक अनपेक्षित ठेवा हाती लागला. १९३० च्या सुमारास मठाच्या प्रमुख बाईंनी असा नियम घातला होता की, प्रत्येक तरुण जोगिणीने व्रत घेण्यापूर्वी आपल्या आयुष्याची हकीकत एका कागदावर लिहून द्यावी. जन्म, आईबाप, बालपण, शाळा, आणि या वाटेला का वळले, एवढेच लिहायचे. त्या वेळी त्या सरासरी २२ वर्षांच्या होत्या. ते कागद दप्तरात जसेच्या तसे राहिले होते. सुमारे साठ वर्षांनंतर, जेव्हा त्या मुलींच्या आजीबाई झाल्या होत्या, तेव्हा संशोधकांनी ते बाहेर काढले.

भाषेच्या अभ्यासक सुझन केम्पर यांनी ते लेखन तपासले. अक्षर कसे, शुद्धलेखन कसे, हे पाहिले नाही. दर दहा शब्दांत किती कल्पना बसवल्या आहेत, ते मोजले. याला आपण 'विचारांची दाटी' म्हणू. माझ्या मनचे एक उदाहरण देते. एक मुलगी लिहिते : 'माझा जन्म नाशिकला झाला. नाशिक हे माझे जन्मगाव आहे. आम्ही सहा भावंडे.' दुसरी लिहिते : 'नाशिकला, एका गरीब पण हौशी शिक्षकाच्या घरी, सहा भावंडांत धाकटी मी जन्मले.' शब्द दोन्हीकडे बाराच. पण पहिलीने दोनच गोष्टी सांगितल्या. दुसरीने गाव, घर, बापाचा धंदा, त्याची गरिबी, त्याचा स्वभाव, भावंडांची संख्या आणि त्यातली आपली जागा, इतके सारे सांगितले. ही झाली विचारांची दाटी.

निष्कर्ष १९९६ साली प्रसिद्ध झाले, आणि वाचणारे चकित झाले. ९३ जोगिणींचे लेखन तपासले होते. ज्यांच्या तरुणपणच्या लेखनात विचारांची दाटी कमी होती, त्यांचे म्हातारपणच्या स्मरणाच्या परीक्षेतले गुण कमी पडलेले दिसले. त्यांपैकी १४ जणी तोवर वारल्या होत्या. त्यांचे मेंदू तपासले, तेव्हा विरळ लिहिणाऱ्या सगळ्यांच्या मेंदूत आल्झायमरच्या खुणा निघाल्या, आणि दाट लिहिणाऱ्या एकीच्याही नाही. संख्या लहान आहे, हे ध्यानात ठेवा; परंतु विशीत लिहिलेला एक कागद ऐंशीतल्या मेंदूविषयी काही सांगू शकतो, ही गोष्ट लहान नाही.

तरीही येथे घाई करू नये. वाक्ये दाट लिहिली म्हणून मेंदू वाचला, असे यावरून सिद्ध होत नाही. कदाचित लहानपणचे वाचन, घरातल्या गप्पा, चांगल्या शिक्षिका यांमुळे मेंदूची पुंजी वाढली असेल आणि तीच लेखनात दिसली असेल. कदाचित ज्या मेंदूत पुढे आजार व्हायचा असतो, त्यात काही उणीव आधीपासूनच असेल. कोंबडा आरवला म्हणून सूर्य उगवत नाही; पण कोंबडा आरवला की आपण पहाट ओळखतो. या कागदांचेही तसेच आहे.

पुंजीचा मुद्दा मात्र दुसऱ्या एका जोगिणीने अधिक स्पष्ट केला. संशोधकांनी तिचा उल्लेख 'सिस्टर मेरी' असा केला आहे. ही बाई वयाच्या ८४ व्या वर्षापर्यंत शाळेत काम करीत होती आणि १०१ वर्षांची होऊन वारली. शेवटच्या परीक्षांतही तिचे गुण उत्तम होते. तिचा मेंदू उघडला, तर त्यात ते ठिपके आणि ते गुंते भरपूर! आजार घरात शिरला होता, पण घरधनिणीने त्याला माजघरापर्यंत येऊ दिले नव्हते. याला शास्त्रज्ञ मेंदूची 'राखीव शक्ती' म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचे तर चांगल्या दिवसांत गाठीला बांधलेली शिल्लक. ज्या घरी शिल्लक असते, त्या घराला एखादे नुकसान सोसते.

ही शिल्लक फक्त शिकलेल्यांच्याच वाट्याला येते की काय, अशी शंका आपल्या मनात आली असेल. येथे बसलेल्या कितीतरी भगिनींच्या आई-आजींना शाळेचे दार दिसलेही नाही. त्यांचे काय? याचे उत्तर अमेरिकेत शोधायला नको. ते हैदराबादेत मिळते. तेथील निजाम्स इन्स्टिट्यूटमध्ये डॉक्टर सुवर्णा अल्लादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांची पाहणी केली. ती २०१३ साली प्रसिद्ध झाली. त्यांतल्या ३९१ जणांना दोन किंवा अधिक भाषा बोलता येत होत्या. एकच भाषा येणाऱ्यांपेक्षा या मंडळींना आजार सरासरी साडेचार वर्षे उशिरा जडलेला दिसला. आणि महत्त्वाची गोष्ट अशी की, ज्यांना अक्षरओळखही नव्हती, त्यांच्यातही हा फरक दिसून आला. दोनांहून अधिक भाषा आल्या म्हणून आणखी फायदा मात्र आढळला नाही.

बाजारात एक भाषा, घरात दुसरी आणि शेजारणीशी तिसरी बोलणारी निरक्षर बाई दिवसभर मेंदूला तालीम देत असते. बोलताना एक भाषा पुढे आणायची आणि दुसरी आवरून धरायची, ही कसरत तिला कोणी शिकवलेली नसते. निरोगी लोकांना वर्षानुवर्षे तपासून केलेल्या सगळ्याच अभ्यासांत हा लाभ दिसलेला नाही, हेही सांगणे माझे कर्तव्य आहे. पण माहेरची बोली विसरू नका आणि सासरच्या गावची भाषा शिकायला लाजू नका, एवढे सांगायला कोणत्याच शास्त्राची हरकत नसावी.

आता मनाच्या स्वास्थ्याकडे वळते. त्याच जोगिणींच्या कागदांवर आणखी एक अभ्यास झाला. तो २००१ साली प्रसिद्ध झाला. १८० जणींच्या लेखनात आनंद, कृतज्ञता, आशा, प्रेम अशा भावनांचे उल्लेख किती, ते मोजले. ज्यांच्या लेखनात असे उल्लेख अधिक, त्या अधिक वर्षे जगल्या. सर्वांत कमी उल्लेख करणाऱ्या गटात मृत्यूचा धोका सर्वांत अधिक उल्लेख करणाऱ्या गटाच्या अडीच पट होता.

हे ऐकून कोणी लगेच म्हणेल, 'पाहा, आम्ही सांगतच होतो, बाईने नेहमी हसतमुख असावे!' थांबा. संशोधनाने तसे मुळीच सांगितलेले नाही. त्या मुलींना कोणी 'आनंदी लिही' असा हुकूम केला नव्हता. जे मनात होते ते त्यांनी लिहिले. मनात असलेला आनंद वेगळा आणि पाहुण्यांपुढे ओठांवर आणलेला आनंद वेगळा. या दुसऱ्या प्रकाराविषयी जेन रिचर्ड्स आणि जेम्स ग्रोस यांनी २००० च्या सुमारास प्रयोग केले. काही लोकांना मन विचलित करणारी दृश्ये दाखवली आणि त्याच वेळी त्यांची माहितीही सांगितली. काहीजणांना बजावले, चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका. नंतर विचारले, तेव्हा चेहरा दाबून बसलेल्यांना सांगितलेली माहिती कमी आठवली. कारण उघड आहे : मनाची अर्धी ताकद झाकण दाबून धरण्यात खर्च झाली. उतू जाणाऱ्या दुधावर झाकण ठेवून भागत नाही. आच कमी करावी लागते.

आच कमी करण्याचा एक मार्ग म्हणजे मनातले शब्दांत आणणे. १९८६ साली जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी विद्यार्थ्यांना चार दिवस, रोज १५ मिनिटे, आपल्या आयुष्यातल्या दुःखाविषयी मनातले लिहायला सांगितले. दुसऱ्या गटाला साध्यासुध्या विषयावर लिहायला सांगितले. दुःख लिहिणाऱ्यांना त्या दिवसापुरते अधिकच वाईट वाटले. पण पुढच्या महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या खेपा कमी झालेल्या आढळल्या. पुढे असे शेकडो प्रयोग झाले. त्यांचा एकत्रित हिशेब असा की लाभ आहे, पण तो माफक आहे, आणि सर्वांना सारखा होत नाही. तेव्हा याला रामबाण औषध समजू नका. ताज्या घावावर लगेच लिहायला बसण्याचीही सक्ती नको. जात्यावर बसून मनातले सुखदुःख ओवीत गाणाऱ्या आपल्या आजीपणजींना मात्र हा मार्ग प्रयोगशाळेच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होता.

आता हे सारे आपल्या संसारात कसे आणायचे, ते थोडक्यात सांगते.

पहिली गोष्ट मुलींच्या शिक्षणाची. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात साठी ओलांडलेल्या शंभरांत सुमारे सात जणांना स्मृतिभ्रंश आहे. एकूण आकडा सुमारे ८८ लाख. पुरुषांपेक्षा स्त्रियांत हे प्रमाण जास्त आहे, आणि न शिकलेल्यांत जास्त आहे. म्हणजे आठवीतून मुलीचे नाव काढले, तर त्याची किंमत ती कदाचित सत्तराव्या वर्षीही मोजत राहील. मुलीची शाळा ही तिच्या लग्नापर्यंतची सोय नव्हे. ती तिच्या म्हातारपणची शिल्लक आहे.

दुसरी गोष्ट डॉक्टरांची. विसरभोळेपणा वाढला की 'वयच झाले' म्हणून घरी बसू नका. जीवनसत्त्व बी-१२ ची उणीव, थायरॉइडचा दोष, मनाची खिन्नता, एखाद्या औषधाचा परिणाम, अशा कारणांनीही विस्मरण होते, आणि त्यांवर इलाज आहे. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञांनी २०२४ साली असे अनुमान काढले की, १४ गोष्टींची काळजी घेतली तर जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येतील. रक्तदाब, मधुमेह, कमी ऐकू येणे, कमी दिसणे आणि एकटेपणा या गोष्टी त्यात आहेत. मोतीबिंदू तसाच ठेवणे आणि 'आता मला ऐकून काय करायचे आहे' म्हणत कानाचे यंत्र टाळणे, यात काटकसर नाही, तोटा आहे.

तिसरी गोष्ट सांभाळणारीची. आजारी माणसाभोवती घर गोळा होते, पण त्याचे सारे करणाऱ्या बाईला कोणी विचारीत नाही. तिलाही आठवड्यातून एक दुपार मोकळी मिळाली पाहिजे. मुलगा, जावई, नातू यांनी आळीपाळीने जवळ बसावे. हे काम काही सुनेच्या हुंड्यात आलेले नाही. फारच जड झाले तर शासनाची १४४१६ ही टेलि-मानस दूरध्वनी सेवा आहे. तेथे मन मोकळे करण्यात कमीपणा नाही.

आणि चौथी गोष्ट आपल्या मंडळाची. भिशी, भजन, भाषण, सहल यांना कोणी वेळ घालवणे म्हणो. एकटेपण मोडणे हेच मोठे औषध आहे. मी एक सूचना पुढे ठेवते. पुढच्या वर्षभरात प्रत्येक सभासद भगिनीने आपल्या आयुष्याची हकीकत एका कागदावर लिहावी. जिला लिहिता येत नाही तिने सांगावी, दुसरीने उतरून घ्यावी. शुद्धलेखन कोणी तपासणार नाही, विचारांची दाटी तर मुळीच मोजणार नाही. आजार टळावा म्हणूनही नव्हे. तर उद्या आपल्यापैकी एखादीला आपलेच नाव आठवेनासे झाले, तेव्हा ती कोण होती, तिने काय काय केले, तिला काय आवडत असे, हे तिच्याजवळ बसणाऱ्याला तिच्याच शब्दांत वाचता यावे म्हणून. आउगुस्ट डेटरची आठवण डॉक्टरांच्या टिपणांनी राखली. आपली आठवण आपल्या हातची असावी.

आता कारले संपले. पुढच्या पक्वान्नांना जागा देते आणि माझे भाषण पुरे करते.